दुसऱ्या फेरीचा शर्ट

इस्त्रीवाल्याच्या रांगेत शिक्षिकाबाईंच्या मागे बापलेक उभे होते. बाईंनी मान वळवली नाही, कान मात्र मागेच लावले.

"बाबा, उद्या मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीत मोठे साहेब विचारणार, तुमच्यात उणीव काय?"

"सांगेन, मी फार कष्टाळू आहे."

"ते सगळेच सांगतात. खरं सांगा."

"मला काही म्हणजे काही लपवता येत नाही."

"येत नाही कसं? गोदामातली नोकरी गेल्यापासून महिनाभर डबा घेऊन बागेत बसताय!"

"हळू बोल गं! आईला कळलं तर हाय खाईल. नवी नोकरी लागली की सांगेन."

"हा निळा शर्ट इस्त्रीला कुणी काढला?"

"तूच की."

"आईनं. म्हणाली, पहिल्या फेरीला चुरगळलेलाच घालून गेले होते."