नवव्या पाकळीचं फूल

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. समोर शहरातलं सर्वांत जुनं, देखणं हॉटेल. चोरून ऐकू नये हे मला कळतं, तरी ऐकलं.

“त्या घुमटाच्या आतली चुन्याची फुलं माझ्या हातची.”

“चाळीस वर्षं ऐकतेय. प्रत्येकाला आठ पाकळ्या, आणि एकालाच नऊ.”

“तू होकार दिल्याचं पत्र आलं त्या दिवशी मोजणी चुकली. मुकादमालाही कळलं नाही.”

“मग दाखवा की मला ते फूल.”

“अगं, हे कपडे बघ आपले. दारवान अडवेल.”

“परवा घुमट पाडायला घेणार आहेत. मग काय दाखवाल, ढिगारा?”

“बस आली बघ आपली.”

“जाऊ दे. दारवानाला मी सांगेन, यांच्या कामातली चूक काढायला आलेय. ती सवय मला आहेच.”

बस गेली. का कोण जाणे, मीही चढलो नाही. रस्ता ओलांडायला ती दोघं पदपथाच्या कडेला आली.

“अहो, गल्लीकडे कुठे निघालात? दार समोर आहे.”

“आम्ही कायम मागच्याच दाराने आत जायचो गं.”

“तेव्हा मी नव्हते बरोबर.”