वेगळी काढलेली पोळी

रंजीताला ऐकायचं नव्हतं, पण राजुऱ्याच्या बसस्टँडवर सावलीतला बाक एकच होता. तिच्या बाजूला बसले होते म्हातारे सोमाजी आणि त्यांच्या शेजारघरची सून रिना.

"सासूबाईच्या तेरवीले आले, पन जेवले नाई, सोमाजीभाऊ."

"आमी बौद्ध. देवाले दाखवलेलं खात नाई, बाई."

"म्हनूनच महालक्ष्मीची पुरनपोळी दरसाल वापस करत होते?"

"परसाद कसा खाऊ?"

"परसाद नोहता थो. नैवेद्य दाखवाच्या आधीच तुमची पोळी येगळी काढून ठेवे सासूबाई."



"मंग सांगितलं काऊन नाई तिनं?"

"मी म्हनलं, सांगा ना. त म्हने, भाऊनं विचारलं त सांगीन."

चंद्रपूरची गाडी लागली.

"चला, भाऊ."

"तू जाय. मी दुसरीनं येतो."