दिगंबरच्या गिटारची घुरघुर

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा! काही बिघडलं की माणूस पहिलं बोट कुणाकडे दाखवतो? — बघा, मागच्या काकांनी लगेच काकूंकडे पाहिलं! असू द्या काका, मी त्याच जातकुळीतला. म्हणून तर ही गोष्ट सांगायला बसलोय.

कोल्हापुरात आमचा ऑर्केस्ट्रा होता. आमचा म्हणजे — मी निवेदक! हो, तुमचा हा बुवा चकचकीत कोट घालून ‘रसिकहो’ म्हणायचा. हसा, हसा! कोट अजून आहे, बटणं तेवढी लागत नाहीत. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा दिगंबर कुंभोजकर. हात असा गोड! आणि साउंड सांभाळायचा मारुती आवळे. अकरा वर्षं झाली, एक तक्रार नाही.

दिगंबरनं एक जुन्या धाटणीची गिटार घेतली. तिच्या तारांखाली तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, ते सूर पकडतं. हिची वेटोळी एकेरी. सूर काय स्वच्छ! पण सूर थांबला की मागे — घुर्रर्र! स्टेजचे दिवे लागले की आणखीच!

मारुती म्हणाला, “दिगूदादा, तुम्ही तारांवरचा हात उचलला की घुरघुर वाढते. एकदा गिटार उघडून बघा की.”

दिगंबरचं डोकं सणकलं! “माझ्या गिटारीत खोट? तू तुझ्या वायरी बघ!”

आणि मग इचलकरंजीचा कार्यक्रम. हळवं गाणं संपलं, सगळं सभागृह चिडीचूप — आणि त्यात घुर्रर्र! मागून एक जण ओरडला, “अरे, माग बंद करा!” यंत्रमागांचं गाव ते, असं हसलं म्हणता! दिगंबर लाजेनं लाल झाला. त्यानं काय करावं? भर माईकवर मारुतीकडे बोट! “ही आमच्या साउंडवाल्याची कृपा!”

दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांनी, आप्पांनी, मारुतीच्या हातात नारळ दिला. मारुती वायरींची वेटोळी खांद्यावर टाकून गेला. आणि मी? मंडळी, मारुतीचं म्हणणं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं! पण मी कोट झटकला आणि बसलो गप्प. ज्याचं पोट बोलण्यावर, तो नेमका तेव्हा मुका!

नवा साउंडवाला आला. नव्या वायरी, नवे स्पीकर. दिगंबरनं ऐटीत गिटार जोडली — घुर्रर्र!

त्यानं वायर काढून पुन्हा लावली, घुरघुर तीच! पण विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं, त्याला तर घालवलेलं! कुठंसं वाचलं, गिटारीच्या पोकळीत धातूचं अस्तर लावलं की बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही. झालं! घरात पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद होता, तोच आतून चिकटवला. घुरघुर गेली? छे, वाढली!

शेवटी मिरजेला रेहाना मुजावरकडे गेला. वाद्यं दुरुस्त करणारी बाई. तिनं गिटार उघडली, आत डोकावली.

“दादा, डबा भरून आणलाय होय?”

दिगंबरची मान खाली.

“अस्तर बरोबर,” ती म्हणाली, “पण ते अर्थिंगच्या तारेला कुठं जोडलंय? पकडलेला गोंगाट जाणार कुठं?” तिनं कागद काढला, तांब्याची चिकटपट्टी कानाकोपऱ्यातून बसवली, प्रत्येक सांध्याला डाग दिला, सगळं अर्थिंगला जोडलं. “वाजवा आता.”

नव्वद टक्के शांत! बारीकशी गुणगुण उरली.

“ही?”

“ती एकेरी वेटोळ्याची सवय, अस्तरानं जात नाही. ॲम्प्लिफायरपासून लांब उभे राहा, जरा वळून बघा, कमी होईल. घुरघुर गिटारीतच होती हो, दादा. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?”

दिगंबर तिथंच स्टुलावर बसला. “सांगितलं होतं,” एवढंच बोलला.

दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला. “मारुतीकडे चल. तुला बोलता येतं.” मी निघालो! वाटेत क्षमेवर अर्ध्या तासाचं भाषण जुळवलं. मारुतीनं दार उघडलं आणि — माझी वाचा बसली. एक शब्द फुटेना!

दिगंबरच बोलला. “मारुती, चूक माझी होती. आप्पांना सांगून आलोय. ते तुला बोलावतायत.”

मारुतीनं दार पूर्ण उघडलं. “मला नका सांगू, दादा. मला ठाऊक होतं. आत हिला सांगा.”

दिगंबर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, हात जोडून सगळं बोलला. वहिनींनी परातीतले हात थांबवले. म्हणाल्या, “भावजी, सहा महिने हे रोज त्या वायरी सोडतात, तपासतात, परत गुंडाळतात. म्हणतात, न जाणो, माझंच काही चुकलं असेल.”

दिगंबर रडला, मंडळी. मीही रडलो. पण माझं रडणं काय कामाचं? तो निदान माफी मागायला आला होता, मी नुसता सोबतीला!

मारुती ऑर्केस्ट्रात परत आला नाही. म्हणाला, “राग नाही, पण तिथं उभं राहवणार नाही.” जयसिंगपुरात दुकान टाकलं, बरं चाललंय. दिगंबर दर महिन्याला जाऊन चहा पिऊन येतो. मला अजून धीर होत नाही. खरं सांगतो.

आता तुम्ही माझ्याकडे असे बघू नका! तुमच्यातही कुणी दिगंबर असेल, आणि गप्प बसलेले तर माझ्यासारखे पुष्कळ! देवाचं नाव घ्या, प्रसाद घ्या. आणि ज्याच्यावर खोटा आळ आला तेव्हा तुम्ही गप्प राहिलात, त्याच्या दारी उद्या जा. मीही जयसिंगपूरची गाडी धरतो.

बोला, गोविंद गोविंद!