वरच्या मजल्यावरचा भाडेकरू

ओटकर : ...आणि उंदीर! उंदरांचं सांगायचं राहिलंच. मांजराएवढाले आहेत. दिवसाढवळ्या जिन्यावरून फिरतात.

ग्रिसेल्दा : काका, मी मघापासून याच जिन्यात उभी आहे. मुंगीसुद्धा दिसली नाही.

ओटकर : माणूस बघून बाहेर पडतात ते.

ग्रिसेल्दा : बरं. दार उघडता का? खालचा मजला बघून झाला. वरच्या खोल्या तेवढ्या राहिल्यात.

ओटकर : छपराचं सांगितलं का त्या दलालाने? गळतं. स्वयंपाकघरात बादली ठेवावी लागते मला.

ग्रिसेल्दा : माझा नवरा रामिरो छपरंच घालतो. सकाळी शिडी लावून वर जाऊन आला. म्हणाला, पोरांची लग्नं होईपर्यंत बघायला नको.

आई : ग्रिसे! ए ग्रिसे! उघडलं का त्या म्हाताऱ्याने?

ग्रिसेल्दा : नाही गं आई. तू खालीच बस. जिना चढू नकोस.

आई : चढतेय कसली! या गुडघ्यांना चर्चची पायरी झेपत नाही. बसलेय मी इथे खालच्या पायरीवर. आणि तुझा तो दलाल गाडीत गार हवा खात बसलाय. म्हणतो, मी वर येणार नाही, गेल्या खेपेला म्हाताऱ्याने माझ्या अंगावर पाणी ओतलं.

ओटकर : पाणी नव्हतं, सूप होतं. गारढोण.

ग्रिसेल्दा : म्हणजे खरंच ओतलंत?

ओटकर : मग काय करू? एक जोडपं घेऊन आला होता. टेप काढून माझ्या झोपायच्या खोलीत शिरला. बायको म्हणाली, ही भिंत पाडता येईल का? तर हा म्हणतो, येईल की, एकदा हा गेला की. ‘हा’! मी तिथेच उभा होतो, चमचा हातात घेऊन.

ग्रिसेल्दा : आणि बाकीची गिऱ्हाइकं?

ओटकर : त्यांना उंदरांनी पळवलं. जितके आले तितके पळाले. तुम्हीपण निघा बाई. शिकागो एवढं मोठं पडलंय, दुसरीकडे बघा की घर.

ग्रिसेल्दा : बघितलं. दोन वर्षं तेच करतेय. सुट्टीचा दिवस उजाडला की चप्पल पायात. दक्षिणेला बघितलं. घरं काय सुरेख, पक्क्या विटांची. पण आईच्या दवाखान्याला दोन बस बदलायच्या. उत्तरेला तर दाराची कडीसुद्धा परवडत नाही आम्हाला. मग दलालाने शहराबाहेर नेलं. घर नवंकोरं, पुढे हिरवळ, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आईने विचारलं, इथे कोथिंबीर कुठे मिळते? तो म्हणाला, गाडी काढली की अर्ध्या तासात.

आई : मी म्हटलं, बाबा, मला राहायला आणलंयस की पुरायला?

ग्रिसेल्दा : आई, ऐकतेस होय सगळं!

आई : बहिरी झाले नाही अजून.

ग्रिसेल्दा : आमचं सगळं इथे आहे काका. पोरांची शाळा त्या वळणावर. मी शाळेचीच बस चालवते. आईच्या मैत्रिणी सव्विसाव्या रस्त्यावर. मला याच मोहल्ल्यात घर हवंय, आणि हेच हवंय.

ओटकर : मलाही हेच हवंय. आणि मी आत आहे, तुम्ही बाहेर.

ग्रिसेल्दा : एक विचारू? तो बिल्डर आला होता का कधी? करड्या गाडीतला?

ओटकर : नाही. दार वाजवलं नाही त्याने.

ग्रिसेल्दा : वाजवणारच नाही. तुम्ही पळवलेत ते सगळे इथे राहायला येणार होते. एक तर आमच्या शाळेतली स्वयंपाकीण होती, बिचारी रडत गेली. आता उरलेत दोघंच, मी आणि तो. त्याला तुमचे उंदीर काय नि छप्पर काय! ज्याला घर पाडायचंय तो छप्पर कशाला बघेल?

ओटकर : पाडायचंय?

ग्रिसेल्दा : कोपऱ्यावरचं लाल घर कुणी पाडलं? त्यानेच. आता तिथे काचेचा खोका उभा आहे. आत नवरा, बायको आणि एक कुत्रा.

ओटकर : पण बॉबी म्हणाला होता, घर आहे तसंच राहील. आमच्या मालकीणबाईंचा थोरला. बाई गेल्यापासून तोच बघतो सगळं. ॲरिझोनाला असतो.

ग्रिसेल्दा : ॲरिझोनातून काय दिसणार त्याला? आज संध्याकाळी तो बिल्डरला होकार देतोय. दलालानेच सांगितलं.

ओटकर : मग मी जाणार कुठे? आणि तू घेतलंस तर? मला ठेवशील म्हणतेस?

ग्रिसेल्दा : नाही.

ओटकर : अरे वा!

ग्रिसेल्दा : खोटं बोलून तुमचं दार उघडवायचं नाही मला. आम्ही नवराबायको, दोन पोरं. आईला जिना चढवत नाही, म्हणजे ती खाली. आम्हाला वरच्या खोल्या लागणार. तुमच्यासाठी इथेच जवळपास कुठेतरी जागा शोधू, मी स्वतः हिंडेन. पण या खोल्या मला हव्यात.

ओटकर : म्हणजे तोही काढणार आणि तूही काढणार. तू फक्त गोड बोलून.

ग्रिसेल्दा : काढणं म्हणजे काय, ते मला नका सांगू. दोनदा काढलंय आम्हाला. पहिल्यांदा अठराव्या रस्त्यावरून, तेव्हा माझी यारेली पाळण्यात होती. घर विकलं गेलं, आमचं बाडबिस्तर फुटपाथवर. बर्फ पडत होतं. पाळण्यावर मी ताडपत्री धरून उभी, आणि लोक बाजूने वाट काढून चाललेत. त्या दिवशी ठरवलं, आता जे घर घेईन त्यातून मला कुणी ऊठ म्हणू शकणार नाही.

ओटकर : आणि मी उठायचं.

ग्रिसेल्दा : ...हो. तेच तर गळ्याखाली उतरत नाहीये माझ्या.

आई : अगं पण खाली दोन झोपायच्या खोल्या आहेत ना?

ग्रिसेल्दा : आई, तू मध्ये पडू नकोस.

आई : का नको? दोन खोल्यांत मी एकटी लोळू? रस्त्याकडची त्यांना दे. मला मागची पुरे, स्वयंपाकघराला लागून आहे.

ग्रिसेल्दा : तुला परक्या माणसाबरोबर राहायचंय?

आई : तुझ्या बापाबरोबर चाळीस वर्षं राहिले, तो काय ओळखीचा होता?

ओटकर : मी नाही परक्या बाईच्या घरात राहणार! लोक काय म्हणतील?

आई : अहो म्हातारेबुवा, तुमच्यावर डोळा ठेवायला माझे डोळे कुठे धड आहेत! मोतीबिंदू झालाय दोन्हीकडे.

ओटकर : ही तुझी आई नेहमी अशीच बोलते?

ग्रिसेल्दा : आज जरा सांभाळून बोलतेय.

ओटकर : माझी वेरा अशीच होती. इथेच गेली ती, मागच्या हिवाळ्याच्या आधी. तुमचे सीमेपलीकडचे लोक या मोहल्ल्यात राहायला आले ना, तेव्हा आमचे समुद्रापलीकडून आलेले झाडून सगळे निघून गेले. माझा सख्खा भाऊसुद्धा. म्हणाला, ओटो, चल, शेवटी एकटा पडशील. वेरा म्हणाली, मला इथली बेकरी आवडते, मी नाही येत. पुढे बेकरीही तुमच्यातल्याच एकाने घेतली. वेराने पाव खाऊन बघितला. म्हणाली, बरा आहे, राहू या.

आई : खोसेची बेकरी! मग ती बाई शहाणीच म्हणायची.

ग्रिसेल्दा : काका, आई बोलली तेच मीही बोलते. रस्त्याकडची खोली तुमची. भाडं आज देताय तेवढंच. आणि तुम्हाला ऊठ म्हणणारी मी नाही. पण आधी हे घर माझ्या हातात यायला हवं.

(दाराची साखळी निघते.)

ओटकर : आत ये. पाय पूस आधी.

ग्रिसेल्दा : केवढा उजेड आहे इथे! आणि बादली कुठे आहे हो?

ओटकर : फरशी पुसायला घेतो. ऐक आता, खरं दुखणं सांगतो. मोठा पाऊस झाला की तळघरात मागच्या कोपऱ्यातून गटाराचं पाणी वर येतं. बाईंनी कधी धड दुरुस्त केलं नाही. ते आधी करून घे. हे कुणालाच बोललो नव्हतो मी.

ग्रिसेल्दा : का? पळवायला उंदरांपेक्षा हेच बरं होतं की!

ओटकर : उंदीर खोटे होते, म्हणून बोलायला जड गेलं नाही. खरं सांगितलं असतं तर घराची बदनामी झाली असती. तो फोन दे इकडे. चष्माही दे.

ग्रिसेल्दा : कुणाला करताय?

ओटकर : गप्प बस जरा. ...बॉबी? ओटो बोलतोय. हो, जिवंत आहे. तीच तर तुझी अडचण आहे. हे बघ, त्या बिल्डरला सांग, वर एक म्हातारा आहे आणि तो हलणार नाही. कोर्टात जा म्हणावं. माझे वडील शंभरीला टेकले होते, आमच्यात कुणी लवकर जात नाही. ...जास्त देतोय? देऊ दे. मी गेल्यावरच मिळतील ते. आणि इथे एक बाई उभी आहे, बस चालवते. तिला दिलंस तर मी आजच खाली उतरतो. लिहून हवं तर लिहून देतो. ...तिने नाही पढवलं मला. बॉबी, याच स्वयंपाकघरात वेराने तुला मैद्याचे उकडलेले डंपलिंग खाऊ घातलेत, गालाला पीठ लागेपर्यंत. ते भिंतीसकट कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघालास? ...हं. ...हं. मला नको सांगू, तुझ्या दलालाला सांग. ठेवतो.

ग्रिसेल्दा : काय म्हणाला?

ओटकर : आधी चिडला. मग आईची आठवण काढून नाक ओढायला लागला. दलालाला फोन करतो म्हणाला.

ग्रिसेल्दा : हो म्हणाला की नाही?

ओटकर : ते नाही बोलला. बस तू.

ग्रिसेल्दा : बसवत नाही मला.

आई : ग्रिसे! अगं, तो दलाल गाडीतून उतरला! कानाला फोन लावलाय. मान हलवतोय नुसता.

ग्रिसेल्दा : आडवी की उभी? आई, नीट बघ!

आई : मोतीबिंदूवालीला विचारतेस? थांब... उभी. उभी हलवतोय. आता मला अंगठा दाखवतोय मेला. हसतोय!

ओटकर : झालं बघ. अगं, अगं, रडू नकोस. ताडपत्रीखाली रडली नसशील, आता काय होतंय?

ग्रिसेल्दा : काही नाही. रामिरोला फोन करते, छपरावरून पडेल तो आनंदाने. चला काका, तुमची खोली दाखवते.

ओटकर : वेरा गेल्यापासून हा जिना उतरलो नाही मी. शेजारची पोरं सामान आणून देतात.

ग्रिसेल्दा : मी पुढे होते. खांद्यावर हात ठेवा. सावकाश, घाई नाही कसली.

आई : कोण येतंय गं?

ग्रिसेल्दा : आम्ही दोघं येतोय. काका मध्येच टेकतील जरा.

आई : येऊ दे. मी सरकून बसते, या पायरीवर दोघं मावतात.