चेसिसचा नंबर

घासा, घासा — पण जरा हळू, तिथला रंग मूळचा आहे. तपासनीससाहेब, इंजिनचा नंबर तुमच्या यादीशी जुळला ना? मग झालं तर! अठ्ठ्याण्णव सीसीचं पिल्लू, पण आपल्या जुन्या मोटरसायकलींच्या संघात हिच्याहून म्हातारी गाडी नाही. म्हणून तर मी अध्यक्ष — ज्याची गाडी सगळ्यात जुनी, त्याला खुर्ची. काय म्हणता, इंजिन बदलता येतं? अहो, हे मला सांगता? तो नियमच माझा! गेल्या वर्षी आमच्या मेव्हण्याची गाडी कुणी बाद केली? मीच. इंजिन आजोबांच्या वयाचं, चेसिस नातवाच्या. भर सभेत म्हटलं, "मेव्हणे, इंजिन म्हणजे कवळी, कुणाच्याही तोंडात बसते. गाडीचं वय चेसिसवरून ठरतं." काय टाळ्या पडल्या! बायको आठ दिवस बोलली नाही — म्हणजे दुहेरी फायदा.

या गाडीबद्दल मात्र शंकेला जागाच नाही. आमचे अप्पा हिच्यावरूनच आईला बघायला गेले होते. आई म्हणते, छे, सायकलवरून आले, तीही मागून आणलेली, पँटला चेनचं काळं लागलेलं. वय झालं, दुसरं काय? कालच पाहुण्यांसमोर म्हटलं, तिला आता काही आठवत नाही. उठून आत गेली बिचारी. — रॉकेल बरोबर आणलंत? तयारीचे दिसता. मेव्हण्यानं नाही ना पाठवलं? हो हो, मीच बोलावलं. गाडीच्या वयाच्या दाखल्यासाठी चौकट करून घेतलीय, खिळासुद्धा ठोकून ठेवलाय.

उघडला चेसिसचा नंबर? पहिलं अक्षर वाचा, साल त्यातच असतं. 'के'? भलतंच! 'एफ' असेल, तेव्हा ठसे वेडेवाकडे मारायचे. आणा ते भिंग इकडं.

'के'.

नका सांगू, सालं पाठ आहेत मला. त्या साली मी चौथीत होतो. संध्याकाळी अप्पांनी गाडी दारात आणून उभी केली, आम्ही पोरं नाचतोय, आणि आई उंबऱ्यातून म्हणाली — "इतकी वर्षं सायकलनं काय घोडं मारलं होतं?" — असं... असं म्हणाली होती खरी.

बरं, तो नियम जरा घाईतच झाला, नाही का? इंजिन म्हणजे शेवटी गाडीचं काळीज. काळजावरून वय ठरवायला काय हरकत — असे बघू नका हो माझ्याकडे. फळीवर काळ्या रंगाचा डबा आहे, तो तेवढा द्या, आणि निघा तुम्ही. चौकटीचं मी बघतो.

फाटक लावताना आवाज करू नका. आई आत जागी आहे.