प्याद्याच्या तोंडी वजीर

बिघाड नाही, बिघाड नाही – मघापासून एकच पालुपद! आणि मी सांगतेय की आहे. फोन कोणाचा, तुझा की माझा? ‘आजी, फोन ठणठणीत आहे’ म्हणे. अरे, ठणठणीत माणसं बसल्या जागी जातात, तिथे तुझ्या या डबीचं काय घेऊन बसलास! उघड तो मागून. ते भिंग कपाळावर मिरवायला ठेवलंयस का? डोळ्यावर घे आणि आत बघ – कुठे तार निसटली असेल, गंज चढला असेल, मुंगी शिरली असेल. हसू नकोस. बुद्धिबळाच्या खेळात पलीकडची चाल इकडे पोचत नाही, अकरा दिवस झाले, एवढी साधी तक्रार आहे माझी. मी चाल केली, ती तिकडे गेली, तिकडून उत्तर नाही. म्हणजे वाटेत अडकलंय. म्हणजे फोन बिघडलाय. यात न कळण्यासारखं काय आहे? एवढी दुकानाची पाटी लावून बसलास, चांगला बाप्या माणूस, चाळिशी उलटलेला!

काय? बाकीचे खेळ चालतात? बघू – हां, उघडलास ना नेमका तो गोळ्यांचा! तो चालणारच, त्याला काय धाड भरलीय. तीन लाल जुळवल्या, फुटल्या – ‘अप्रतिम!’ तीन हिरव्या जुळवल्या – ‘अद्भुत!’ मी एकतीस वर्षं पुस्तकं बांधायच्या कारखान्यात छापील कागद दुमडले. सोळा पानांचा एक फर्मा, हाडाच्या पट्टीनं घडी दाबायची, कडेला कड लागली पाहिजे, केसाचा फरक चालायचा नाही – एकतीस वर्षांत कोणी तोंड वर करून ‘बरंय’ म्हणालं नाही. आणि हा मेला तीन गोळ्यांना अद्भुत म्हणतो! इतकं स्वस्त कौतुक नसावं. माणसाला त्याची चटक लागते आणि मग खरं काम करायची लाज वाटेनाशी होते. बंद कर. आणि तो शेतीचा नको उघ – उघडलास. ऐक आता त्याची बोंब. तुमचा कोबी सुकतोय! तुमच्या कोंबड्या उपाशी आहेत! अरे, जन्मभर हेच ऐकलं मी – हा उपाशी आहे, ती रडतेय, ते राहिलंय. पाच भावंडांत थोरली. चौथीतून काढून घरी बसवलं ते कशासाठी? कोबी सुकू नये म्हणून. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी विरंगुळा म्हणून पुन्हा तेच करू होय?

मी नाही रे घातले हे सगळे. आमच्या वरच्या मजल्यावर नर्सबाई राहते, तिनं घातले – एकट्या असता, करमेल म्हणाली. पण मी एकेक खेळ आठवडा-आठवडा मन लावून खेळले आणि मगच नावं ठेवली. न वाचता पुस्तकाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. तो पळणारा बघ. पळतोय, पळतोय, उड्या मारतोय, मागे कोणीतरी लागलंय – आणि पोचत कुठेच नाही! मी नर्सबाईला विचारलं, याचं घर कधी येतं? ती म्हणाली, येत नाही, आपटून पडला की संपतं. असला कसला खेळ? त्यापेक्षा जिना चढावा, निदान मजला तरी लागतो. आणि मधेच ती जाहिरात – एक बापडा खड्ड्यात अडकलाय, पाणी वर चढतंय, ‘तुम्हीच वाचवू शकता’ – म्हटलं वाचवूया, जीवच तो. घेतला तो खेळ, तर आत बंगल्याचे पडदे बदलायचे! तो बापडा तिथेच बुडाला असेल. ही निव्वळ फसवणूक आहे, माणसाच्या चांगुलपणाला गळ लावलाय. बंदुकांचा उघडूच नकोस, त्याचा तर मला संताप आहे. मेलेला माणूस तीन मोजेपर्यंत उठून उभा! पुन्हा तेच कपडे, पुन्हा तीच बंदूक. हे शिकवू नये रे कोणाला. तीन मोजून नाही उठत. मी मोजलंय.

बुद्धिबळाचं वेगळं आहे. तिथे उगाच ‘वा वा’ नाही, कोंबड्या नाहीत, आणि घेतलेलं मोहरं परत येत नाही. प्रामाणिक खेळ. वडिलांनी धाकटीला शिकवला तो – मला नाही, माझे हात रिकामे कधी होते? मी भांडी घासता घासता, उभ्या उभ्या, तिच्या खांद्यावरून बघून शिकले. धाकटी पुढे मुख्याध्यापिका झाली. मीच भरले तिच्या फीचे – जाऊ दे, ते मोजत नाही मी. पण मी काही अडाणी राहिले नाही, समजलास? फर्म्यावरची पानं ओळीनं नसतात. पहिल्याशेजारी सोळावं, निम्मी उलटी. घडी घालता घालता मी ती वाचली, कित्येक गोष्टींचा शेवट मला आधी कळला आणि सुरुवात दुसऱ्या दिवशी. शास्त्र, इतिहास, कज्जे, कविता – काय वाचलं नाही विचार!

तीच, दुसरी कोण? पलीकडून तीच खेळते. धाकटी. दोन वर्षं झाली. नाव खोटं घेतलंय, पण पहिलीच चाल घोड्याची, तीही उजव्या घोड्याची – सात वर्षांची असल्यापासूनची खोड. ओळखली मी. तिनंही ओळखलं असणार. रोज सकाळी सातला एक चाल ती करणार, आठपर्यंत एक मी. खाली लिहायला चौकोन असतो, त्यात कधी अक्षर नाही. तिनं नाही, मी नाही. बोलत नाही आम्ही. सहा वर्षं. सांगण्यासारखं नाही ते, तू आपला फोन बघ.

तिचे यजमान गेले तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता. जाता येईना. म्हणून पत्र लिहिलं – चार पानी. जन्मात पहिल्यांदा एवढं लिहिलं मी. फोनवर रडू आलं असतं दोघींना, म्हटलं कागदावर नीट सांगता येईल. लहानपणी तिला ताप आला की मी काय म्हणायचे तेसुद्धा लिहिलं होतं त्यात. आठ दिवसांनी माझंच पत्र परत आलं. लाल शाईनं तपासलेलं. ह्रस्व-दीर्घ, काने, अनुस्वार, एक चूक म्हणून सोडली नव्हती – आणि खाली शेरा: ‘मजकूर चांगला. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ तू हसतोस? हस. नर्सबाई नाही हसली. ती म्हणाली, आजी, दुःखात माणसाचे हात सवयीचंच काम करतात, तिला दुसरं काही सुचलं नसेल. असेल. पण मग नंतर एक फोन करायचा होता! सहा वर्षांत एक नाही. एक नाही रे!

तर ती अशी बाई. चूक सोडायची नाही – नवऱ्याच्या तेराव्या दिवशीसुद्धा सोडायची नाही. आणि गेल्या महिन्यात मी वजीर उघडा ठेवला. चुकून, चष्मा नव्हता. तिचा उंट समोर, घ्यायचा तर एका चालीचं काम. घेतला नाही. मला वाटलं सापळा आहे, दिवसभर डोकं फोडलं, सापळा दिसेना. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा सोडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली – म्हटलं ही दया करते! अडाणी बहिणीवर दया! मग मी मुद्दाम दिला. तिच्या प्याद्याच्या तोंडी वजीर नेऊन ठेवला, आंधळ्यालाही दिसावा असा. तिनं काय करावं? हत्ती एक घर पुढे. दुसऱ्या दिवशी तोच हत्ती एक घर मागे. तेव्हा मी त्या चौकोनात लिहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ‘बाईंची नजर गेली वाटतं.’

एवढंच. त्यानंतर अकरा दिवस काही नाही.

म्हणून सांगतेय, फोन बिघडलाय! बिघडलाच पाहिजे! खरंच नजर गेली असेल तर? नजर नाही, हात थरथरत असतील, बोट भलतीकडे पडत असेल – आणि मी काय लिहिलं? का रागावली? रागावली असेल तर बरंच आहे रे, रागावू दे, मेलीनं पाच वर्षं आणखी रागवावं. पण तो खेळ खाली आकडा दाखवतो – चौदा दिवसांत चाल नाही आली तर समोरचा विजयी. तीन दिवस राहिलेत. तीन दिवसांनी हा मला फटाके दाखवून सांगणार, अभिनंदन! मला नाही जिंकायचं! काढता येत नाही का तो आकडा? थांबव ना कुठून तरी, एवढी यंत्रं आहेत तुझ्याकडे!

तिच्या घरी? जाते कशी, एक रात्र एक दिवसाचा प्रवास, दार कोण उघडेल, काय म्हणून उघडेल? फोन करा म्हणे. तू सोपं बोलतोस. मी थोरली आहे. मी का – मी केला आणि कोणी दुसऱ्यानंच उचलला तर?

काय बघतोस आता? इकडे दाखव. कसली यादी? बंद केलेल्यांची? हो – हो, ते मीच करवून घेतलं होतं नर्सबाईकडून, लाल शाईचं पत्र आलं त्या दिवशी. म्हटलं, हा नंबर माझ्या घरात वाजता कामा नये. तिनं काहीतरी दाबलं, म्हणाली, आता वाजणार नाही. मग? वाजणार नाही, पण फोन येऊन गेल्याची खूण तर उमटते ना? ती लाल बाणाची? मी रोज बघते की. सहा वर्षं रोज सकाळी उठल्या उठल्या बघते, एकदाही नव्हता. एकदाही – नाही उमटत? इथे वेगळं साठतं? मला कोणी सांगितलं का हे! मी काय समजायचं होतं मग?

वाच. नको, किती फोन ते नको सांगूस, शेवटचा वाच. कालचा? सकाळी सातचा? नीट बघ, कालचाच ना? नंबर तिचा आहे, हो, पण लावणारा हात कोणाचा, ते लिहिलंय का त्यात? तिच्या लेकीचा असेल, शेजारणीचा असेल, हॉस्पिटलातल्या – नाही, तू काही बोलू नकोस. धीर देऊ नकोस मला. फोन चांगलाय, कळलं, चांगलाय तुझा फोन – काढ तो नंबर त्या यादीतून, दे इकडे, आणि तू जरा दुकानाबाहेर जाऊन उभा राहा.