उंदीरशेपटीची वाट

(फोनवरचं बोलणं. नणंद गावाकडच्या घरामागे, दलदलीकडे उतरतेय. वहिनी शहरात, नणंदेच्या फ्लॅटवर, पाय उशीवर ठेवून. दिवस कलतोय.)

नणंद : ...आणि गवत दिसलं, की तू मुकाट्यानं ऐकणार आहेस. शब्द दिलायस.

वहिनी : दिलाय गं चिमणे. किती वेळा वदवून घेशील? कॉलेजातल्या पोरांनाही अशीच छळतेस का?

नणंद : ती पोरं तुझ्याइतकी हट्टी नाहीत. पुन्हा एकदा म्हण.

वहिनी : दलदलीच्या कडेची ती पट्टी गवतानं गिळली असेल, तर मी घर सोडायच्या कागदावर सही करते. तुझ्या दादाचा विषयही काढत नाही. झालं समाधान?

नणंद : झालं.

वहिनी : आणि तुझं ते शेवाळ जिवंत असेल तर?

नणंद : शेवाळ नाही ते, वहिनी, उंदीरशेपटी! नेच्याच्या लांबच्या नात्यातली आहे. आणि जिवंत कसं असेल? त्याला उघडी, ओली, तुडवलेली जमीन लागते. दादाची गुरं तिथं पाण्यावर यायची, तोवर ते मजेत होतं. मग गाय रुतली, दादा तिला काढायला उतरला...

वहिनी : गाय आली. तो नाही आला. माहितेय मला, मी तिथंच उभी होते.

नणंद : सॉरी.

वहिनी : असू दे. पुढं बोल. तू शिकवायला लागलीस की मला बरं वाटतं.

नणंद : गुरं देऊन टाकली, आवाराला कुंपण घातलं. तेव्हाच गवत चढायला हवं होतं. चढलं नाही, कारण रोज संध्याकाळी तू दादाला आणायला म्हणून काठापर्यंत जायचीस. तुझ्या पायांनी ती जमीन उघडी राहिली. आता दीड वर्ष तू माझ्याकडे, पाय मोडून. दोन पावसाळे तिथं कुणाचं पाऊल नाही.

वहिनी : तू म्हणतेस तसं.

नणंद : मी म्हणते तसंच आहे. थांब, आवाराचं फाटक आलं. कुलूप गंजलंय. ही बघ, साधी किल्लीसुद्धा फिरत नाहीये. तेल आणलंय मी... हं. उघडलं.

वहिनी : जपून उतर. डावीकडच्या दगडावर पाय देऊ नको, तो हलतो.

नणंद : गवत कमरेपर्यंत आहे, वहिनी. सांगत होते ना! सगळीकडे नुसतं गवत, पुढं लव्हाळी...

वहिनी : मग? चिमणे? फोन कट झाला का?

नणंद : नाही. आहे मी.

वहिनी : काय दिसतंय?

नणंद : उंदीरशेपटी.

वहिनी : कशी आहे?

नणंद : छान आहे. इतकी छान मी कधी पाहिली नव्हती. देठ जमिनीला चिकटून पुढं सरकलेत, वर शेपट्या उभ्या, शेंडे पिवळे पडलेत. हात लावला की पूड उडतेय. आणि खालची माती उघडी आहे. चक्क उघडी, सारवल्यासारखी.

वहिनी : त्या पुडीत बोट बुडवायचा तो, आठवतंय? मग तेच बोट पाण्यात घालून कोरडंच्या कोरडं बाहेर काढायचा.

नणंद : आणि म्हणायचा, मी कधी बुडणार नाही. वहिनी, आत्ता नको ना हे. मला विचार करू दे. पाणी. पावसाळ्यात पाणी चढून राहिलं असेल, त्यानं गवत कुजलं, जमीन उघडी पडली. असं होतं. पुस्तकात आहे.

वहिनी : मग पाणी पट्टी सोडून बाजूला का नाही चढलं?

नणंद : डुकरं असतील.

वहिनी : खूर दिसतात?

नणंद : नाही.

वहिनी : मग काय दिसतं? खरं सांग.

नणंद : पावलं. अनवाणी. खूप आहेत, एकावर एक. जुनी, नवी. सगळी घराकडे तोंड करून.

वहिनी : डावं पाऊल बघ.

नणंद : मला नाही बघायचं.

वहिनी : बघ, माझी बाई.

नणंद : ...बाहेर वळलेलं आहे. लहानपणी वासरानं पाय दिला होता ना त्याच्या पायावर. तसंच. वहिनी, कुणी थट्टा करत असेल का गं?

वहिनी : गंजलेल्या कुलपाच्या आत जाऊन? रोज? कुणासाठी?

नणंद : म्हणजे तुझंच खरं. तो येतो. तू आणायला जायचीस आणि तो यायचा.

वहिनी : आणायला नाही गं.

नणंद : काय?

वहिनी : आणायला म्हणून तू म्हणायचीस. मी कधी म्हटलं? तू तसं धरून चाललीस आणि मीही बोलले नाही. यायचा तो आपला आपणच, दिवे लागायच्या आधी. मागच्या व्हरांड्यात त्याच्या खुर्चीत बसायचा. मी त्याला सोडायला जायचे.

नणंद : सोडायला.

वहिनी : काठापर्यंत. तो कोरड्यात टिकत नाही. थोडा वेळ बरा असतो, हसतो सुद्धा. मग टाचांपासून सुकायला लागतो. आधी तपकिरी, मग भुगा. तूच सांगायचीस ना त्या शेपटीबद्दल? मागून मरत जाते आणि...

नणंद : टोक तेवढं जिवंत राहतं. थंडीत बाकीचं सगळं कुजतं, टोक राहतं. त्यावर पुढचं वर्ष.

वहिनी : तू सांगितलंस त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

नणंद : तुला भीती नाही वाटली?

वहिनी : पहिल्या दिवशी वाटली. मग नुसती माया. नवराच आहे ना गं माझा. बसावं त्यानं दोन घटका, आणि वेळेत परत जावं. हाताला धरून न्यायचे, पाण्यात पाय पडले की हिरवा व्हायचा. माझा पाय मोडला तेव्हा वाटलं, सोडायला कुणी नाही म्हटल्यावर तो येणंच सोडेल. म्हणून तुझी ती पैज मान्य केली. गवत चढलेलं असावं असं मला तुझ्याहून जास्त वाटत होतं.

नणंद : वहिनी, पावलांच्या बाजूला अजून काहीतरी आहे.

वहिनी : काय?

नणंद : फरफटल्यासारखं. रुंद. घराकडून काठाकडे. कुणी कोपरांवर सरकत गेल्यासारखं. मधे मधे शेपटीचे तुकडे चिकटलेत आणि तिथंच रुजलेत.

वहिनी : अरे देवा.

नणंद : रडू नकोस ना.

वहिनी : सरपटत जातोय तो. दीड वर्ष. पाय सुकलेले, आणि धरायला कुणी नाही, म्हणून सरपटत जातोय. आणि मी इथं उशीवर पाय ठेवून टीव्ही बघतेय!

नणंद : तुला काय माहीत होतं?

वहिनी : मला माहीत असायला हवं होतं. चिमणे, आजची पावलं आहेत का? ताजी?

नणंद : आहेत. पाणी झिरपतंय अजून त्यांत.

वहिनी : आणि त्यांच्यावरून गेलेली फरफट?

नणंद : ...नाही. आजच्यांवर नाही.

वहिनी : म्हणजे अजून गेला नाही.

नणंद : वहिनी, मी गाडीत जाऊन बसते. सकाळी कुणाला तरी घेऊन येते.

वहिनी : सकाळपर्यंत टाचा राहणार नाहीत त्याच्या.

नणंद : मला जमणार नाही.

वहिनी : लहान होतीस तेव्हा शाळेत कोण सोडायचं तुला?

नणंद : ...दादा.

वहिनी : मग?

नणंद : किती वाईट आहेस तू.

वहिनी : आहेच. चल, वर व्हरांड्याकडे जा.

नणंद : चाललेय. व्हरांड्याच्या पायरीवर पिवळी पूड सांडलीय. आणि पायरीच्या फटीत, वहिनी... इथंही उगवलीय ती. इवलीशी.

वहिनी : डाव्या बाजूनं आधार दे, तिकडं तो कलतो. घाई करू नको. आणि काहीतरी बोलत राहा, त्याला गप्पा आवडतात.

नणंद : काय बोलू?

वहिनी : काहीही. कॉलेजातलं सांग.

नणंद : खुर्ची पाठमोरी आहे.

वहिनी : असते तशीच. पाणी बघत बसतो.

नणंद : फोन चालू ठेव हं.

वहिनी : चालूच आहे, बाळा.

नणंद : दादा... ऊठ रे. आज मी आलेय सोडायला.